हैदराबादचे दिवी : परतलेल्या स्थलांतरिताचे यश आणि समाजाचे देणे

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची डबी उलटी करून पाहिली, तर घटकांच्या यादीत ‘बीटा-कॅरोटीन’ हे नाव अनेकदा आढळते. केशरी सरबताच्या बाटलीवर किंवा मार्गारिनच्या डब्यावर तोच पदार्थ ‘१६०ए’ या क्रमांकाने नोंदलेला असतो. गाजराला आणि मानकुराद आंब्याला जो रंग निसर्ग देतो, तोच रंग कारखान्यात तयार करून जगभरच्या खाद्य आणि औषध कंपन्यांना पुरविणारे उत्पादक मोजकेच आहेत. दीर्घकाळ ही मिरासदारी युरोपातील दोन-तीन बड्या कंपन्यांची होती. त्यांच्या पंक्तीत जाऊन बसलेली भारतीय कंपनी हैदराबादची आहे. तिचे नाव दिवीज लॅबोरेटरीज आणि तिचे संस्थापक डॉ. मुरली कृष्ण प्रसाद दिवी.

दिवी यांची कथा एरवी एका श्रीमंत उद्योगपतीची कथा म्हणून सांगितली जाते. फोर्ब्सच्या यादीतील स्थान, समभागाचा भाव, कंपनीची उलाढाल यांवर तिचा भर असतो. गोव्यासारख्या राज्यात मात्र ती वेगळ्या कारणासाठी वाचण्याजोगी आहे. परदेशी गेलेला माणूस ज्या घरात नाही, असे घर गोव्यात शोधावे लागेल. आफ्रिका आणि आखातापासून पोर्तुगाल व इंग्लंडपर्यंत गोमंतकीय पोहोचले आहेत. दुसरीकडे वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी येथील औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीचे कारखाने उभे आहेत. गेलेला माणूस परत आला तर काय घेऊन येतो आणि त्याने उभारलेला उद्योग भोवतालच्या समाजाला काय देतो, हे दोन्ही प्रश्न गोव्याच्या दारातलेच आहेत.

आठ वर्षांची अमेरिका

आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्याच्या परिसरात, मोठ्या कुटुंबात दिवी वाढले. वडील नोकरदार आणि मिळकत बेताची. शालेय शिक्षणानंतरच्या परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले. पुढे औषधनिर्माणशास्त्राकडे वळल्यावर मात्र त्यांची गाडी रुळावर आली आणि १९७६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी अमेरिका गाठली. त्या काळी भारतातून परकीय चलन नेण्यावर इतके कडक निर्बंध होते की परदेशी निघालेला मध्यमवर्गीय तरुण अवघे काही डॉलर खिशात घेऊन विमानात बसत असे. दिवीही त्यांतलेच एक होते.

तेथे त्यांनी रासायनिक उद्योगातील कंपन्यांत काम केले. वर्षाकाठी सुमारे ६५,००० डॉलरपर्यंत त्यांची कमाई पोहोचली. त्या काळाच्या मानाने हे सुखवस्तू जीवन होते. तरीही १९८४ मध्ये ते भारतात परतले. गाठीशी होते सुमारे ४०,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेचार लाख रुपयांच्या आसपास. या रकमेत शहरात घर घेता आले असते, पण औषधांचा कारखाना उभा राहिला नसता.

येथेच या यशकथेचे मर्म आहे. परतताना त्यांनी आणलेले खरे भांडवल बँकेच्या खात्यात नव्हते. एखादी रासायनिक प्रक्रिया प्रयोगशाळेतील चंचुपात्रातून हजारो लिटरच्या पात्रात नेताना ती कोठे बिघडते, तापमान दोन अंशांनी चुकले तर किती माल वाया जातो, प्रत्येक टप्प्याची नोंद का ठेवावी लागते आणि पाश्चात्त्य ग्राहक पुरवठादाराकडून नेमके काय अपेक्षितो, याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. परदेशातून आलेला पैसा घर बांधतो. परदेशात अंगी मुरलेली कामाची पद्धत, तिला जागा मिळाली तर, उद्योग बांधते.

हैदराबादच का?

अशी जागा हैदराबादेत आधीच तयार होत होती. १९६१ मध्ये केंद्र सरकारने ‘इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड’ म्हणजे आयडीपीएल ही कंपनी स्थापन केली. सोव्हिएत साहाय्याने तिचा कृत्रिम औषधद्रव्यांचा कारखाना हैदराबादेत उभा राहिला. या सरकारी कारखान्याने स्वतः किती नफा कमावला हा वेगळा प्रश्न, परंतु त्याने शेकडो रसायनतज्ज्ञ घडविले. डॉ. कल्लम अंजी रेड्डी हे त्यांतलेच एक. दुसरे कारण कायद्याचे होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे थांबविले आणि केवळ त्याच्या निर्मितीप्रक्रियेला संरक्षण ठेवले. त्यामुळे तेच औषध वेगळ्या मार्गाने तयार करण्याची मुभा भारतीय रसायनतज्ज्ञांना मिळाली आणि प्रक्रियेचे ज्ञान ही विकण्याजोगी वस्तू झाली.

परतल्यावर दिवी यांनी अंजी रेड्डी यांच्यासमवेत केमिनॉर या कंपनीत काम केले. सहा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी स्वतःचे ‘दिवीज रिसर्च सेंटर’ सुरू केले. आरंभी ही संस्था औषधे बनवीत नव्हती. ती इतरांसाठी निर्मितीच्या पद्धती विकसित करून देत असे. १९९४ मध्ये तिचे नाव दिवीज लॅबोरेटरीज झाले. १९९५ मध्ये हैदराबाद-विजयवाडा महामार्गावरील चौटुप्पल येथे पहिला कारखाना सुरू झाला, २००२ मध्ये विशाखापट्टणमजवळ चिप्पाडा येथे दुसरा, आणि २००३ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली.

या प्रवासात एक पथ्य कंपनीने कसोशीने पाळले. स्वतःच्या नावाच्या गोळ्या बाजारात आणायच्या नाहीत आणि ज्या परदेशी कंपनीला कच्चा माल पुरवायचा तिच्याशी स्पर्धा करायची नाही. अनेक भारतीय कंपन्यांनी पेटंटांशी झुंज देऊन नाव कमावले. दिवी यांनी पेटंटधारकांचा विश्वासू पुरवठादार होण्याचा मार्ग निवडला. नॅप्रॉक्सेन हे वेदनाशामक आणि खोकल्यावरील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्या मूळ द्रव्यांचे जगातील अग्रगण्य उत्पादक म्हणून ही कंपनी ओळखली जाते, पण सर्वसामान्य ग्राहकाला तिचे नाव ठाऊक नसते. मालाचा बहुतांश भाग निर्यात होतो आणि वार्षिक महसुलाने ९,००० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला आहे.

रंगाचे रसायन

पूरक पोषणद्रव्यांचा व्यवसाय हा या उलाढालीचा लहान भाग आहे, साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास. परंतु दिवी यांच्या पद्धतीचे तो उत्तम उदाहरण आहे. कॅरोटिनॉइड हा नैसर्गिक रंगद्रव्यांचा गट. गाजर, भोपळा आणि आंब्यातील बीटा-कॅरोटीन, टोमॅटो व कलिंगडातील लायकोपीन, झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटीन ही सगळी एकाच कुळातली. कोळंबी शिजताना तांबूस होते तेही याच कुळातील अ‍ॅस्टाझँथिनमुळे. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेले असते. उष्णतेने प्रथिन सैल होते आणि दडलेला रंग बाहेर येतो.

बीटा-कॅरोटीन प्रथम वेगळे केले ते जर्मन रसायनतज्ज्ञ वाकेनरोडर यांनी, १८३१ मध्ये, गाजरातून. त्याची रेणुरचना उलगडली १९३० च्या सुमारास पॉल कॅरर यांनी, आणि या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९३७ चे नोबेल मिळाले. त्यानंतर १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने ते कारखान्यात बनवायला सुरुवात केली. म्हणजे विज्ञान जुने आणि उघड होते. तरीही उत्पादक मोजकेच राहिले, कारण अडचण पुढेच आहे. हा पदार्थ हवा आणि उजेड लागताच बिघडतो व पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे त्याचे स्फटिक अतिशय बारीक करून त्यावर जिलेटिन किंवा स्टार्चचे आवरण चढवावे लागते आणि सुकवून मोहरीहूनही लहान मणी तयार करावे लागतात. हे मणी गोळीत दाबले तरी फुटता कामा नयेत, सरबतात टाकले तर एकसारखे विरघळले पाहिजेत आणि दोन वर्षांनीही त्यांचा कस टिकला पाहिजे. औषधनिर्मितीत कमावलेली शिस्त येथे कामी आली. पूरक आहाराच्या बाजारात जाहिरात करणारे पुष्कळ, पण त्यांना लागणारा मूळ पदार्थ वर्षानुवर्षे एकाच गुणवत्तेने पुरविणारे थोडे. दिवी यांनी दुसरी बाजू निवडली.

ही शिस्त एकदा कमावली की कायमची राहते, असे मात्र नाही. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विशाखापट्टणमच्या कारखान्यातील मालावर आयातबंदीचा इशारा लागू केला. काही उत्पादने त्यातून वगळली गेली, तरी समभाग कोसळला आणि कंपनीच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. त्रुटी दूर केल्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस हे निर्बंध उठले. नोंदवहीतील शिस्त ढासळली तर साऱ्या व्यवसायाला धोका पोहोचतो, हे त्या काही महिन्यांनी दाखवून दिले.

पूरक म्हणजे पर्याय नव्हे

पूरक द्रव्यांचे शास्त्र काय सांगते, हे जाणून घेण्यासाठीही हैदराबादच सोयीचे. राष्ट्रीय पोषण संस्था याच शहरात आहे. १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी सुरू झालेले हे केंद्र १९५८ च्या सुमारास हैदराबादेत आले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी भारतातील असंख्य बालके दृष्टी गमावीत होती. या संस्थेच्या संशोधनाच्या आधारे १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि लहान मुलांना दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस तोंडावाटे दिला जाऊ लागला. पूरक द्रव्य योग्य गरजूला, योग्य मात्रेत मिळाले तर काय साधते, याचा हा वस्तुपाठ.

याची दुसरी बाजू फिनलंडमध्ये दिसली. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर दीर्घ चाचणी झाली. बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष उलटा निघाला : रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील तशीच एक चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मध्येच थांबवावी लागली. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांनी हे पूरक मोठ्या मात्रेत घेऊ नये, असा सल्ला आज दिला जातो. गाजर खाणाऱ्याने यातून भयभीत होण्याचे कारण नाही. प्रश्न एकवटलेल्या मात्रेचा आहे.

भारतात या उत्पादनांसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि ते २०१८ च्या आरंभापासून लागू झाले. त्यांनुसार पूरक आहार हे औषध नव्हे, तसा उल्लेख वेष्टनावर हवा, आणि ते रोग बरा करते असा दावा करता येत नाही. निर्यातीसाठी माल बनविणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता काटेकोर असू शकते, तरी अखेर कोणत्या डबीत, कोणत्या दाव्यासह आणि कोणाच्या पोटात तो पदार्थ जातो, हे ठरविणारे हात वेगळे असतात. ग्राहकाने लेबल वाचणे हा या साखळीचा शेवटचा, पण तितकाच आवश्यक दुवा आहे.

दान, कर्तव्य आणि कायदा

मिळविलेल्या संपत्तीतून समाजाला परत काय जाते, हा कथेचा उत्तरार्ध. दिवीज लॅबोरेटरीजच्या कारखान्यांभोवतालच्या गावांत पिण्याचे शुद्ध पाणी, शाळांच्या इमारती व साहित्य, आरोग्य आणि स्वच्छता अशा कामांवर कंपनी खर्च करीत आली आहे. हुशार मुलांच्या शिक्षणासाठी ‘दिवीज फाउंडेशन फॉर गिफ्टेड चिल्ड्रन’ ही संस्थाही आहे.

यांतील पाण्याच्या कामाचे मोल समजायचे तर चौटुप्पलचा भूगोल ध्यानी घ्यावा लागतो. हा भाग पूर्वीच्या नलगोंडा जिल्ह्यातला. तेथील भूजलातील फ्लोराइडने पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे दात पिवळे पडले, हाडे वाकली आणि सांधे आखडले. पाण्यातून फ्लोराइड काढण्याची तुरटी व चुन्यावर आधारलेली स्वस्त पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. तिला ‘नलगोंडा तंत्र’ हेच नाव पडले. अशा मुलखात शुद्ध पाण्याची टाकी बसविणे हा दिखाऊ उपक्रम ठरत नाही. तेथे कोणत्याही गोळीपेक्षा मोठे आरोग्यपूरक म्हणजे एक घागर निर्मळ पाणी.

तथापि हा सारा खर्च दानशूरतेच्या खात्यावर मांडणे अचूक होणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे. सरासरी नफा २,५०० कोटी असेल तर ही रक्कम ५० कोटी रुपये होते. स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला किंवा केवळ तिच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च यात धरता येत नाही. म्हणजे एका मर्यादेपर्यंत हे कायद्याचे देणे आहे. औदार्य सुरू होते ते या मर्यादेपलीकडे. रक्कम कोणत्या कामाला द्यायची, ते काम किती वर्षे नेटाने चालवायचे आणि गावकऱ्यांना त्यात किती बोलू द्यायचे, यांतूनच ते ओळखता येते.

समुद्रकाठचा प्रश्न

या बोलू देण्याचे महत्त्व आंध्रच्या काकिनाडा परिसरात दिसून आले. तेथील तोंडंगी भागात कंपनीने तिसरा मोठा कारखाना योजला. किनाऱ्यालगत कोळंबीचे बीज तयार करणारी अनेक केंद्रे आहेत. सांडपाण्याने समुद्राचे पाणी बिघडले तर मासेमारी आणि कोळंबी-व्यवसाय बुडेल, या भीतीने डिसेंबर २०२० मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. आंदोलन चिघळले आणि राज्य सरकारला मध्यस्थी करावी लागली. पुढे चर्चा आणि अटींच्या वाटेने काम पुढे सरकले व जानेवारी २०२५ मध्ये या कारखान्यात उत्पादन सुरू झाले.

गोव्याला हे दृश्य अपरिचित नाही. केरी येथील नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्ध नव्वदच्या दशकात झालेले आंदोलन अनेकांच्या स्मरणात आहे. तेथेही लोकांच्या मनातील मुख्य प्रश्न पाण्याचा आणि जमिनीचाच होता. रसायन उद्योग रोजगार देतो, निर्यात वाढवितो, आणि त्याच वेळी शेजाऱ्यांच्या विहिरीशी व खाडीशी त्याचा रोजचा संबंध राहतो. हैदराबादच्याच पाटणचेरू पट्ट्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून अशा उद्योगाच्या समाजकार्याची पहिली ओळ कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळापाशी लिहिली जाते. गावातील शाळेची नवी इमारत त्यानंतरची.

गोव्यासाठी धडा

दिवी यांच्या वाटचालीतून गोव्यासारख्या राज्याला घेण्याजोगे दोन विचार आहेत. परतणाऱ्या माणसाकडे पाहताना त्याने किती पैसा आणला हेच विचारले जाते; तो कोणते काम शिकून आला, हे सहसा कोणी विचारत नाही. जहाजावरील यंत्रकक्षात, आखातातील तेलशुद्धीकरण केंद्रात किंवा इंग्लंडमधील रुग्णालयात वर्षानुवर्षे काम केलेल्या गोमंतकीयांपाशी कामाची शिस्त आहे. तिला येथे वाव देणारी प्रयोगशाळा, कारखाना किंवा प्रशिक्षण संस्था असेल, तरच ती गावी रुजेल. दिवी परतले तेव्हा हैदराबादेत आयडीपीएलने घडविलेली माणसे आणि अंजी रेड्डींसारखे सहकारी होते. ते नसते तर साडेचार लाख रुपये आणि अमेरिकेचा अनुभव घेऊन आलेला हा औषधशास्त्रज्ञ कदाचित पुन्हा विमानात बसला असता.

दुसरा विचार देण्यासंबंधीचा. मराठीत ‘देणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दान आणि दुसरा कर्ज, जे फेडावे लागते. आरोग्याच्या नावाने चालणाऱ्या उद्योगाला दोन्ही लागू पडतात. चौटुप्पलच्या शाळेतील मुलाला मिळालेले वह्या-पुस्तकांचे साहाय्य हे दान म्हणता येईल. त्याच्या घरच्या नळाचे पाणी निर्धोक राहणे आणि डबीवरच्या लेबलाने खरे तेवढेच सांगणे, हे मात्र कर्जाच्या खात्यात जाते. दिवीज लॅबोरेटरीजची पुढची वर्षे मोजताना हैदराबादेत, विशाखापट्टणमात आणि काकिनाड्याच्या किनाऱ्यावर ही दोन्ही खाती शेजारी-शेजारी उघडून पाहिली जातील. वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांकडेही गोमंतकीयांनी त्याच नजरेने पाहायला हरकत नाही.